तो पाण्यातून वर आला तेव्हा

"रविवारी त्याला पाण्यात घेणार आहेत," सासूबाई म्हणाल्या. चहात बुडवलेला पाव अजून त्यांच्या तोंडातच होता.

ती कामावर जायचा डबा भरत होती. "कोणाला?" तिनं विचारलं.

"कोणाला म्हणजे? माझ्या लेकाला. शेजारच्या मांजराला घेतात की काय पाण्यात?"

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं, पदराला हात पुसले आणि चपला घातल्या. "औषध घ्या वेळेवर," एवढंच म्हणून ती जिना उतरली. सासूबाई उरलेल्या चहाकडे बघत बसल्या. सून भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

ती शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मुकादम होती. तळघरात मोठमोठे ड्रम दिवसभर गरगरायचे, वाफेनं भिंतींना घाम फुटायचा, आणि वॉर्डावॉर्डातून चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे ढिगानं खाली यायचे. तिच्या हाताखाली आठ-दहा बायका होत्या. त्या तिला मोठ्या बाई म्हणत, तिला वचकून असत आणि तिच्या पाठीमागे तिची नक्कल करत. रक्ताची चादर कोणी चुकून गरम पाण्यात टाकली की मोठ्या बाईंचा आवाज दोन मजले वर ऐकू जायचा. गरम पाण्यात रक्त पक्कं बसतं, मग डोकं आपटलं तरी निघत नाही, हे नव्या बाईला पहिल्याच दिवशी घोकून घ्यावं लागे.

आणि रविवारी हीच बाई चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभी राहून गायची. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारी म्हातारी माणसंही सावरून बसत. मंडळीत तिला सगळे ताई म्हणत. जुने पाळक निवृत्त होईपर्यंत आपल्या संदेशात वर्षातून एकदा तरी तिचं उदाहरण द्यायचे. विश्वास असावा तर ताईंसारखा, म्हणायचे. कारण पोटच्या पोरीच्या मातीलाही ताई गायल्या होत्या. सगळी मंडळी हुंदके देत होती आणि ताई शवपेटीजवळ सरळ उभ्या राहून शेवटच्या कडव्यापर्यंत गायल्या. आवाज कापला नाही, डोळ्यांत टिपूस नाही.

मुलीला सगळे चिमणी म्हणत. दुसरीत होती. तिच्या बापाला लोक मिस्त्री म्हणून ओळखत. गॅरेजमध्ये तो नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. माणूस वाईट नव्हता. प्यायचा, पण पिऊन कधी हात उगारला नाही, उलट प्यायल्यावर त्याला सगळ्या जगाचं प्रेम यायचं. गाणी म्हणायचा, पोरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचायचा. म्हणूनच पोरीचा बापावर जीव. चर्चला तो वर्षातून एकदोनदा, बायकोनं त्याचे चांगले कपडे काढून ठेवले तर यायचा आणि शेवटच्या प्रार्थनेआधी बाहेर सटकायचा.

एका दुपारी तो पोरीला मोटरसायकलवर मागे बसवून बाजारात निघाला. प्यायलेला होता. उताराच्या वळणावर गाडी घसरली आणि दगडी कठड्यावर आदळली. त्याचा खांदा निखळला. चिमणी गेली.

त्याला शिक्षा झाली. ती एकदाही तुरुंगात भेटायला गेली नाही. सासूबाई मात्र सुनेजवळच राहिल्या. "मुलगा आत, नात मातीत," त्या शेजारणींना सांगायच्या, "आता ही सून मला ठेवते म्हणून मी आहे." सुनेनं कधी त्यांना जा म्हटलं नाही. त्यांचं जेवणखाण, औषधपाणी, सगळं वेळच्या वेळी केलं. फक्त त्यांच्या मुलाचं नाव काढलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तुरुंगात चर्चचे एक म्हातारे प्रचारक यायचे. मिस्त्री सुरुवातीला त्यांच्यापुढे बसायचा तो केवळ त्या खोलीत पंखा होता म्हणून. मग एक दिवस तो तिथंच रडायला लागला, आणि असा रडला की पहारेकऱ्यांनी डॉक्टरला बोलावलं. त्यानंतर तो माणूस पालटला. सुटून आला तेव्हा घरी आला नाही. एका सायकलच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली आणि सायकली दुरुस्त करू लागला. इंजिनाच्या कुठल्याही वाहनात तो बसत नसे, कितीही लांब जायचं असलं तरी पायी जायचा. दारूच्या वाटेला गेला नाही. चर्चला यायचा, अगदी मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा आणि बायको बाहेर येण्याआधी निघून जायचा. सासूबाई चोरून त्याला डबा पाठवत. सुनेला ते ठाऊक होतं. ती भाजी मुद्दाम थोडी जास्त करायची का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात नवे पाळक लॉन्ड्रीत उतरले. तरुण होते, अंगानं काडी, कान मोठे. दारातून आत पाऊल टाकताच वाफेनं त्यांचा चष्मा आंधळा झाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"ताई, दोन मिनिटं."

"बोला. पण हात चालू ठेवीन. वॉर्डात चादरी नाहीत."

पाळकांनी चष्मा पुसला. "रविवारी नदीवर बाप्तिस्मा आहे. मिस्त्रींची इच्छा आहे, तुम्ही यावं."

"गायनमंडळाला यावंच लागतं. येणार आहे."

"तसं नव्हे. त्यांच्यासाठी यावं."

तिनं चादरीची दोन टोकं जुळवली. "पाळकसाहेब, तुम्ही सगळे म्हणता, त्याचा नवा जन्म झाला. आमच्या सासूबाई तर कालच बाळंत झाल्यासारख्या वागतात. चांगलं आहे. पण मला एक सांगा. ज्यानं मारलं त्याला नवा जन्म मिळाला. जी मेली तिला काय मिळालं?"

पाळक मग हळूच म्हणाले, "देवानंही आपला एकुलता एक मुलगा गमावला, ताई."

"तिसऱ्या दिवशी परत मिळाला त्याला."

ड्रम गरगरत होते. बायकांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. पाळकांनी ढिगातला एक अभ्रा उचलला, उगाच घडी घातली, तीही वाकडी.

तिनं तो अभ्रा त्यांच्या हातातून घेतला, झटकला आणि नीट घडी घालून ठेवला. "जा तुम्ही. इथं वाफेनं डोकं दुखतं नवख्या माणसाचं."

रविवारी सकाळी सासूबाई न्हाऊन-माखून, ठेवणीतलं पातळ नेसून दाराशी बसल्या. "काठावर निसरडं असतं," त्या म्हणाल्या. "मला कोणी धरलं नाही तर माझाही बाप्तिस्मा व्हायचा."

"धरते मी."

"तुला गायचंय ना?"

"एका हातानं धरीन. गायला हात लागत नाहीत."

नदीला पाणी बेताचंच होतं, पण मधे एके ठिकाणी छातीइतकं खोल होतं. मंडळी काठावर जमली होती. सासूबाईंसाठी कोणीतरी घडीची खुर्ची आणली. त्यांनी सुनेचं मनगट जे धरलं ते सोडलं नाही. पाण्यात उतरणाऱ्यांत चारपाच जण होते. दोन शाळकरी पोरी, एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन. प्रत्येक जण वर आला की मंडळी एक कडवं गायची. तिचा आवाज नेहमीसारखाच सगळ्यांच्या वर जात होता.

मिस्त्री शेवटी उतरला. पांढरा झगा त्याला आखूड होता, खाली केसाळ नडग्या दिसत होत्या. इतक्या वर्षांनी तिनं त्याला समोरून नीट बघितलं. केस पिकले होते. खांदा एका बाजूला उतरला होता. पाळक त्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसत होते, आणि काठावर कोणीतरी पुटपुटलं, "आता कोण कोणाला बुडवणार?"

पाळकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. पापाचा मार्ग सोडलास का? प्रभू येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारतोस का? इतर जण पुटपुटत उत्तर देत होते. मिस्त्री मोठ्यानं म्हणाला, "हो." त्याचा आवाज पलीकडच्या काठावर जाऊन परत आला.

पाळकांनी त्याला मागे झुकवलं आणि पाण्याखाली घेतलं. आणि त्याच क्षणी त्यांचा पाय घसरला. एवढं मोठं धूड त्यांच्या हातातून सुटलं. मिस्त्रीचा तो निकामी खांदा, त्याला त्या हातानं जोर घेता येईना. पांढरा झगा पाण्यावर फुगला, आणि खालचं माणूस दिसेनासं झालं.

सासूबाईंची नखं तिच्या मनगटात रुतली.

राहू दे, ती म्हणाली. ओठ हलले नाहीत, पण शब्द स्पष्ट होते. देवा, राहू दे त्याला तिथंच. वर येऊ देऊ नकोस.

चिमणी गेल्यापासून तिनं मनापासून केलेली ती पहिली प्रार्थना होती.

मग पाणी फुटलं आणि तो वर आला. नाकातोंडात पाणी गेलेलं, खोकत, धापा टाकत, पाळकांना घट्ट धरून. कोण कोणाला सावरत होतं ते सांगणं कठीण होतं. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. सासूबाई खुर्चीतच हसत-रडत होत्या. पेटीवाल्यानं सूर धरला आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, कारण पहिली ओळ तीच उचलायची.

तिनं तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. पेटीवाल्यानं सूर पुन्हा दिला. शेवटी दुसऱ्या एका बाईनं ओळ उचलली, जरा बेसूरच, आणि मंडळी गायला लागली. ती मनगटावरच्या नखांच्या खुणांकडे बघत उभी राहिली.

लोक चहाला पांगले तेव्हा तो एका खडकावर टॉवेल पांघरून बसला होता, दात वाजत होते. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. "मला फक्त सांगायचंय. तुम्ही खाली होतात तेव्हा मी देवाला म्हटलं, याला वर येऊ देऊ नकोस."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, दचकलाही नाही.

"रोज सकाळी जाग आली की मीही आधी तेच म्हणतो," तो म्हणाला. "मला कशाला उठवलंस, म्हणतो."

"मग हा कसला नवा जन्म?"

त्याला बोलणं कधीच फारसं जमत नव्हतं. "पूर्वी असं म्हणायचो आणि प्यायचो. आता म्हणतो आणि उठतो. दुकान उघडतो." मग खाली मान घालून म्हणाला, "त्यानं मला उचललं. का उचललं, मला माहीत नाही. मी असतो त्याच्या जागी, तर उचललं नसतं."

"मला तुम्हाला माफ करता येत नाही."

"मी मागितली नाही. मागायला तोंड नाही मला."

ती वळली आणि सासूबाईंना घेऊन घरी आली.

दोन दिवसांनी, कामावरून परतताना, ती चर्चमध्ये शिरली. हॉल रिकामा होता. पाळक शिडीवर चढून दिवा बदलत होते.

"पाळकसाहेब, नव्यानं जन्मायचं असेल तर नाव कुठं द्यावं लागतं?"

पाळक शिडीवरून उतरले. त्यांना वाटलं, ताई टोमणा मारताहेत. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. "तुमचा बाप्तिस्मा तर कधीच झालाय, ताई."

"झालाय. शाळेत होते. वर्गातल्या सगळ्या पोरी घेत होत्या म्हणून मीही घेतला. पाणी गार होतं, तेवढं आठवतं." मग तिनं नदीवरची प्रार्थना त्यांना सांगितली. शब्दन् शब्द सांगितली. "इतक्या माणसांच्या घरी मी सांत्वनाला गेले. इतकी गायले. आणि आतून मी ही अशी. तो पापी होता हे जगाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. माझं मलाच माहीत नव्हतं. मग कोणाला लागतो हो नवा जन्म?"

पाळक बाकाच्या कडेवर बसले.

"सगळ्यांना," ते म्हणाले. "मलाही. पण त्याला नाव द्यावं लागत नाही, आणि आपल्या जोरावर तो होतही नाही. कुठल्या बाळानं स्वतःला जन्म दिलाय? आपण फक्त मागायचं. आत्मा त्याचं काम करतो. वाऱ्यासारखा. केव्हा, कसा, ते आपल्या हातात नाही."

"आणि नाहीच आला तर?"

"पुन्हा मागायचं."

ती निघाली. दाराशी थांबून म्हणाली, "गायनमंडळात दुसरी कोणी बघा."

मंडळीत कुजबुज झाली. ताई मागच्या बाकावर बसायला लागल्या. नवऱ्याचा बाप्तिस्मा सहन झाला नाही, कोणी म्हणालं. आवाज गेला, कोणी म्हणालं. तिनं कोणालाच काही सांगितलं नाही. लॉन्ड्रीत चादरी पिळताना, जिना चढताना, सासूबाईंच्या पायाला तेल लावताना ती एकच गोष्ट म्हणायची. मला हे जमत नाही. माझ्यात काही उरलं नाही. तुला काय करायचं ते कर. उत्तर येत नव्हतं. पूर्वी पाठ केलेल्या सुंदर प्रार्थना तिच्या तोंडून येईनाशा झाल्या होत्या, हेच काय ते वेगळं.

एका सकाळी लहान मुलांच्या वॉर्डातून गठ्ठा आला. त्यातल्या एका चादरीत एक छोटा मोजा अडकून आला होता. असं नेहमीच व्हायचं, मोजे, रुमाल, बाहुलीचा हात. तिनं मोजा बाजूला ठेवायला उचलला आणि तो तिला खाली ठेवता येईना. ती त्या धुवायच्या ढिगावरच बसली आणि तिच्या घशातून असा आवाज आला की बायकांना वाटलं, यंत्रात कोणाचा हात गेला. कोणीतरी धावत जाऊन ड्रम बंद केले. मोठ्या बाई, ज्यांच्या डोळ्यांत कधी कोणी पाणी बघितलं नव्हतं, मळक्या चादरीत तोंड खुपसून लेकीला हाका मारत होत्या. सगळ्यात खट्याळ, त्यांची नक्कल करणारी बाई त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांची पाठ चोळत राहिली. दुपार टळली तरी ते रडणं थांबलं नाही. वॉर्डातून चादरींसाठी फोन येत होते. कोणी उचलले नाहीत.

घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजून मिटल्यासारखे झाले होते. सासूबाईंनी ताट वाढलं, तेही स्वतः उठून.

"त्यांना रविवारी बोलवा," ती म्हणाली.

सासूबाईंचा हात थबकला. "जेवायला का भांडायला?"

"आधी येऊ तर द्या."

तो आला. चालत आला होता, घामाघूम. चपला दाराबाहेर इतक्या लांब काढल्या, जणू उंबऱ्याजवळ त्या ठेवायचाही आपल्याला हक्क नाही. खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. सासूबाई त्याच्याकडे बघत उगाच चहाची भांडी वाजवत राहिल्या. चिमणीचा पलंग अजून भिंतीशी होता, त्यावर आता गाद्या रचलेल्या होत्या. त्याची नजर तिथं गेली आणि त्यानं मान खाली घातली.

ती समोर बसली. "कोर्टात तुम्ही सगळं सांगितलंत," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. कान बंद करून मनात गाणी म्हणत बसले होते. आता सांगा. शेवटी ती काय बोलली?"

त्यानं आईकडे बघितलं, मग बायकोकडे. "ऐकवणार नाही तुला."

"सांगा."

"तिचा दात हलत होता," तो म्हणाला. "पुढचा. सारखी जिभेनं ढकलत होती. माझा पट्टा धरून मागे बसली होती. उतार लागला तेव्हा म्हणाली, बाबा, हळू ना, वाटेत दात पडला तर सापडायचा नाही." तो थांबला. "मी हसलो. मोठ्यानं हसलो. आणि गाडी हळू केली नाही."

"पडल्यावर?"

"शुद्धीत होती थोडा वेळ. मी तिला मांडीवर घेतली होती. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाली. फ्रॉककडे बघत होती. नवा होता ना. मग म्हणाली, आई रागवेल का? मी म्हटलं, नाही रागवणार. मग काही बोलली नाही."

"नसते रागावले," ती म्हणाली. "मी नसते रागावले."

"तेच सांगितलं मी तिला."

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, आवाज न करता. तुरुंगात शिकला असावा तसं रडायला. ती उठली. त्याच्या त्या उतरलेल्या खांद्याजवळ उभी राहिली. हात उचलला, पण तो खांद्यापर्यंत पोचेना, मधेच राहिला. तिनं मनात पुन्हा तेच म्हटलं, मला जमत नाही, तू कर. मग तिचा हात त्या खांद्यावर टेकला. दगडासारखा जड होता तो हात. तिनं तो काढला नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "घरातून निघालात तिथपासून सांगा."

त्यानं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.